‘पीआर होईपर्यंत कळ काढ’: मुंबईतल्या वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

मुंबई आणि उपनगरांतील वधू-वर सूचक मंडळांचे संचालक व कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नोंदणी अर्जात मुलाची उंची असते, रास, नाडी, गोत्र, मंगळ असतो, वार्षिक उत्पन्न असतं, स्वतःचं घर आहे का तेही असतं. स्थळ परदेशातलं असेल तर ‘यूएसए, एच-वन’ (म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा) किंवा ‘ऑस्ट्रेलिया, पीआर’ (म्हणजे कायम राहण्याचा परवाना) एवढंच लिहिलेलं असतं आणि मुलीकडचे लोक ते पगाराच्या रकान्यासारखं वाचून पुढे जातात. खरं तर मुलीचं तिथलं कायदेशीर आयुष्य त्याच दोन शब्दांत असतं. उद्या घरात मारहाण झाली, तर ती त्या देशात कोणत्या हक्काने उभी राहणार हे त्यावरून ठरतं. हे तिला दादरच्या हॉलमधल्या मेळाव्यात कोणी सांगत नाही, बस्ता बांधताना कोणी सांगत नाही आणि बीकेसीत व्हिसाच्या रांगेत तर नाहीच नाही.

मी उपनगरातल्या एका कुटुंब सल्ला केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या चाळींतल्या आणि सोसायट्यांमधल्या. अलीकडे मात्र काही प्रकरणांत बाई स्वतः येतच नाही. तिचे आईवडील येतात. मुलगी मेलबर्नला असते, न्यू जर्सीत असते, लेस्टरला असते.

अशाच एका आईने आमच्या टेबलावर फोन ठेवून स्पीकर लावला. मुलगी बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून, कारण बाहेर हॉलमध्ये सासू बसली होती. नवऱ्याने तिचं डेबिट कार्ड काढून घेतलं होतं, पासपोर्ट त्याच्या कपाटात होता आणि थोबाडीत मारणं आता नेहमीचं झालं होतं. पोलिसांकडे का जात नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘तो म्हणतो, मी एक मेल टाकला की तुझा व्हिसा कॅन्सल. मग विमानात बसवून देतील.’ वडील इतका वेळ गप्प होते. ते पुढे वाकून फोनमध्ये म्हणाले, ‘बाळा, पीआर होईपर्यंत कळ काढ. मग आपण बघू.’

त्या वडिलांना मी दोष देत नाही. एवढा खर्च करून, एवढ्या लांब पाठवलेली मुलगी रिकाम्या हाती परत येऊ नये, असंच कुठल्याही बापाला वाटेल. पण हे वाक्य मी निरनिराळ्या घरांतल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते मला गप्प बसू देत नाही. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय बऱ्याच वेळा कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचं आहे. त्या मुलीच्या बाबतीत ते साफ चुकीचं होतं.

ती ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसावर, म्हणजे तिथल्या नागरिकाच्या किंवा पीआरवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर होती. हा व्हिसा दोन टप्प्यांत मिळतो, आधी तात्पुरता आणि मग साधारण दोन वर्षांनी कायमचा. मधल्या काळात नातं तुटलं तर एरवी दुसरा टप्पा मिळत नाही, आणि नवऱ्याची सगळी धमकी यावरच उभी असते. पण तिथल्या १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये कौटुंबिक हिंसेसाठी वेगळी तरतूद आहे. नातं खरं होतं आणि ते टिकून असताना जोडीदाराने हिंसा केली, एवढं दाखवता आलं तर नातं संपल्यावरही तिला कायमचा व्हिसा मिळू शकतो. नवऱ्याने स्पॉन्सरशिप, म्हणजे तिच्या व्हिसासाठी दिलेली हमी, काढून घेतली असली तरीही. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याकडे कधीच नसतो, तो सरकारकडे असतो. नवरा फक्त कळवू शकतो, आणि त्याने कळवलं तर तिलाही तिची बाजू कळवता येते.

‘हात तर उचलत नाही ना?’ हा आपल्याकडचा दुसरा ठरलेला प्रश्न. तो प्रश्न तिथे लागू नाही. नवऱ्याच्या प्रत्यक्ष वागण्यामुळे किंवा धमकीमुळे तिला स्वतःच्या सुरक्षिततेची रास्त भीती वाटत असेल, तर ते ऑस्ट्रेलियाच्या नियमांत कौटुंबिक हिंसेत बसतं. पगार काढून घेणं, कोणाशी बोलू न देणं, सतत पाळत ठेवणं, ‘तुला परत पाठवीन’ म्हणून धाक दाखवणं, हे सगळं त्यात मांडता येतं. हुंड्याचंही तसंच आहे. व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये आपल्या कौटुंबिक हिंसा कायद्यात दुरुस्ती करून हुंड्यासाठी केलेल्या छळाचा स्पष्ट उल्लेख केला, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या सेनेटने हुंड्यावर चौकशी करून फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल दिला. घराच्या डाउन पेमेंटसाठी सासरे मुंबईत जी रक्कम मागतात, ती काय चीज आहे हे तिथल्या कायदेमंडळाला कळलेलं आहे.

पुराव्याचंही सांगते, कारण पुरावा कुठून आणणार या एका प्रश्नावर मुली थांबतात. कोर्टाचा आदेश असेल तर उत्तमच. नसेल तर तिचं स्वतःचं शपथेवरचं निवेदन आणि त्याच्या जोडीला निरनिराळ्या प्रकारचे किमान दोन कागद लागतात. डॉक्टरांची नोंद, पोलिसांचा अहवाल, समाजसेविकेचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं पत्र, आश्रयगृहाचं पत्र, मुलाच्या शाळेचं पत्र, असे. तिथल्या इमिग्रेशन खात्याचं समाधान झालं नाही तर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञाकडे जातं आणि त्या तज्ज्ञाचं मत खात्यावर बंधनकारक असतं. म्हणून मुलीला सांगायचं ते हे, की मार लागला तर जवळच्या डॉक्टरकडे जा आणि ‘जिन्यावरून पडले’ असं सांगू नकोस. खरं काय झालं ते सांग. त्या नोंदीवर तारीख पडते.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरतात, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा मुलगाच भरतो. ‘मला सवय आहे, मी करतो,’ असं म्हणतो, आणि सगळ्यांना ते कौतुकाचं वाटतं. ऑनलाइन अकाउंट त्याचं, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. पुढे नातं बिघडलं आणि त्याने स्पॉन्सरशिप मागे घेतली, की इमिग्रेशन खात्याकडून अर्जदाराला पत्र जातं: अशी माहिती आमच्याकडे आली आहे, तुमचं म्हणणं ठराविक मुदतीत कळवा. आपल्यावर हिंसा झाली हे सांगायची तिची संधी त्या पत्रात असते. आणि ते पत्र जातं नवऱ्याच्या इनबॉक्समध्ये. मुदत संपून जाते, तिला पत्ताही लागत नाही. आमच्या टेबलावरच्या त्या मुलीने आपला अर्ज एकदाही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अर्ज क्रमांकसुद्धा तिला ठाऊक नव्हता. लग्नाआधी एका संध्याकाळी मुलीने स्वतःचा ईमेल त्या अर्जावर घातला, पासवर्ड स्वतःकडे ठेवला आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आईच्या फोनवर पाठवून ठेवल्या, तर एवढ्याने पुढचं केवढं तरी वाचतं. याला पैसे लागत नाहीत. फक्त कोणीतरी सांगावं लागतं.

ब्रिटनमध्ये नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथे कायमचा स्थायिक असेल, तर हिंसेमुळे नातं तुटलेल्या पत्नीला स्वतःच्या नावावर कायम राहण्याचा हक्क मागता येतो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिने खायचं काय, राहायचं कुठे, याचीही सोय आहे. एप्रिल २०१२ पासून अशा स्त्रियांना तीन महिन्यांची मुदत आणि सरकारी मदत मिळण्याची सवलत आहे. ती मिळवण्यामागे लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनेची वर्षानुवर्षांची चळवळ आहे. १९७९ साली आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांनी उभी केलेली ही संघटना आहे, आणि आपल्या मुलींनी तिचं नाव पाठ करून विमानात बसावं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्टखाली पत्नी नवऱ्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते. घटस्फोट झाल्यावरही दोन वर्षांच्या आत तो करता येतो. त्या अर्जाची माहिती इमिग्रेशन खात्याने नवऱ्याला द्यायची नाही आणि निव्वळ नवऱ्याने पुरवलेल्या माहितीवरून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असं कायदा सांगतो. ‘एक मेल टाकतो’ ही धमकी अमेरिकेच्या कायदेमंडळाने ऐकली होती आणि तिच्यावर उत्तर लिहून ठेवलं होतं. दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालेल्या मुलीलाही, छळ झाला असेल तर, नवऱ्याच्या सहीविना ती अट काढून घेण्याचा अर्ज करता येतो. या तरतुदी पुरुषांनाही लागू आहेत, हेही नोंदवते. छळ सोसणारा जावईही असू शकतो.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण तुमच्या वहीतली कितीतरी परदेशी स्थळं या गटातली नसतात. ती एच-वनवरची असतात, वर्क परमिटवरची असतात, आता तर शिकायला गेलेल्या मुलांचीही असतात. त्यांच्या बायका ‘डिपेंडंट’ म्हणून जातात, आणि त्यांच्यासाठी दरवाजे फार कमी आहेत.

एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्याची बायको म्हणून गेलेल्या पत्नीला वर सांगितलेला अमेरिकेतला स्वतंत्र अर्ज करता येत नाही, कारण नवरा स्वतःच तिथे तात्पुरता आहे. घटस्फोट झाला की तिचा एच-फोर संपतो. २००५ च्या दुरुस्तीने छळ झालेल्या अशा पत्नींना कामाचा परवाना मागण्याची मुभा दिली, पण ते अर्ज घ्यायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा आहे. त्यासाठी पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना सहकार्य केल्याचं त्यांच्याकडून लिहून आणावं लागतं, आणि तो वर्षाला फक्त १०,००० जणांना मिळतो, म्हणून रांग कित्येक वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसावरच्या नवऱ्याबरोबर गेलेल्या मुलीला पार्टनर व्हिसावालीसारखं संरक्षण नाही. ऑक्टोबर २०२४ पासून काही कायमस्वरूपी स्किल्ड व्हिसांच्या अर्जातल्या जोडीदारांना मात्र ते मिळू लागलं आहे. ब्रिटनने २०२४ मध्ये ती तीन महिन्यांची सवलत कामगार आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही दिली, पण त्यापुढे कायम राहण्याची वाट त्यांना दिली नाही. शिवाय ती सवलत घेतली की आधीचा व्हिसा संपतो. म्हणून तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय तो अर्ज करायचा नाही, हे मुलीला माहीत हवं.

म्हणजे एकाच पगाराची, एकाच कुळातली, पत्रिका सारखीच जुळणारी दोन स्थळं असतील. एकात मुलीला आपल्या पायावर उभं राहायला कायदा मदत करेल आणि दुसऱ्यात ती पूर्णपणे नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेली असेल. मी एच-वनवाल्या मुलांशी लग्न करू नका असं मुळीच म्हणत नाही. त्यांतले बहुसंख्य चांगलेच असतात. पण आपण कुठल्या व्हिसावर जातोय, तिथे काम करता येणार का, बँकेत खातं कोणाच्या नावावर असणार, हे मुलीने पसंती कळवण्याआधी विचारावं. आणि ते विचारलं म्हणून स्थळाने नाक मुरडलं, तर त्यावरूनही काही कळतंच.

दुसरा प्रकार मुंबईतच घडतो. मुलीला ‘आईकडे राहून ये’ म्हणून आणतात, किंवा सगळे मिळून गणपतीला येतात, आणि जाताना नवरा तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच विमानात बसतो. ती माहेरी वाट बघत राहते आणि तिकडे तिच्या व्हिसाची मुदत चालत राहते. घरचे ‘राग शांत होऊ दे’ म्हणतात आणि महिने जातात. हे महिने फार मोलाचे असतात. पासपोर्ट गेल्याची तक्रार लगेच पोलीस ठाण्यात द्यायची, पासपोर्ट कार्यालयात नव्यासाठी अर्ज करायचा आणि ज्या देशाचा व्हिसा आहे तिथल्या वकिलाला त्याच आठवड्यात गाठायचं. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून, नवऱ्याने परदेशात नेऊन सोडलेल्या पत्नीला बाहेरूनच अर्ज करण्याची वाट खुली केली आहे. अमेरिकेतला स्वतंत्र अर्जही, छळ अमेरिकेत झाला असेल तर, बाहेरून करता येतो. इकडे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ खाली ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयात दाद मागता येते. सासरचा छळ सोसून बाईने जिथे आसरा घेतला, तिथेही क्रौर्याची तक्रार दाखल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. परदेशी कोर्टाची घटस्फोटाची नोटीस ईमेलवर आली तर ती पुसून टाकायची नाही आणि घाईने उत्तरही द्यायचं नाही. आधी वकिलाला दाखवायची, कारण उत्तर देण्या-न देण्यावर तो घटस्फोट भारतात मानला जाईल की नाही हे अवलंबून असू शकतं.

आणि एक, पोटतिडकीने. ‘बाळाला घे आणि मिळेल त्या विमानाने निघून ये,’ असं मुलीला सांगू नका. बापाच्या संमतीवाचून मूल देशाबाहेर नेलं तर तिकडे ते अपहरण ठरू शकतं, आणि मग जिच्यावर अन्याय झाला तीच आरोपी होऊन बसते. असं नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय हेग करारात भारत नाही, म्हणून इकडे आलं की झालं, असं काही जण सांगतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. आधी तिथल्या संरक्षण आदेशाचं आणि ताब्याचं बघायचं, मग तिकीट.

सरकारकडून अपेक्षा नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच अशा लग्नांतल्या स्त्रियांसाठी कायदा करायला सुचवलं होतं. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात व्यापक कायद्याची शिफारस केली. कायदा अजून व्हायचा आहे. आखातात मजुरीला जाणाऱ्या माणसासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. लग्न करून जाणाऱ्या मुलीसाठी तसं काहीही नाही. ती जाण्याआधी तिच्याशी बसून बोलणारी, कागद बघणारी, दोन्ही घरांना ओळखणारी एकच संस्था आपल्या समाजात आहे, आणि ती तुम्ही आहात. म्हणून हे पत्र मंत्रालयाला नाही, तुम्हाला.

तुमच्यापैकी काहींशी बोलले तेव्हा उत्तर मिळालं, ‘ताई, शुभकार्यात असलं अशुभ कशाला?’ मला त्यामागची भावना समजते. पण लग्नाआधीच्या रक्ततपासणीचा आग्रहही काही मंडळांनी धरलाच ना? तेव्हाही लोक दुखावले असतील, तरी त्यांनी तो धरला, कारण पुढच्या पिढीचा प्रश्न होता. इथे याच मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. स्थळं हातची जातील ही भीती तुम्हाला असेल, तर सगळ्या मंडळांनी एकदम सुरुवात करा, म्हणजे कोणा एकावर येणार नाही.

अर्जात व्हिसाच्या प्रकाराचा आणि त्याच्या मुदतीचा रकाना घाला आणि व्हिसाच्या पानाची प्रत मागा. जमलेल्या प्रत्येक परदेशी लग्नात मुलीच्या हातात, तिच्याच हातात, एक मराठी पत्रक द्या. त्यावर त्या देशाचा आणीबाणीचा क्रमांक असू दे, कारण घाबरल्यावर मुलींना आपला १०० आठवतो; अमेरिकेत ९११ लागतो, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. न्यू जर्सीतली १९८५ पासूनची मानवी, न्यू यॉर्कमधली १९८९ पासूनची सखी, अशा दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांची नावं असू देत. आणि सर्वात वर, मोठ्या अक्षरांत: ‘व्हिसा नवरा रद्द करू शकत नाही. आधी वकिलाला विचार.’

पत्रकाचा मजकूर आम्ही तयार केला आहे. देशवार वेगळा आहे आणि इमिग्रेशनच्या वकिलांकडून तपासून घेतला आहे. नियम बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तो पुन्हा तपासून देण्याची जबाबदारी आमची. छपाईचा खर्च तुमच्यावर पडणार नाही. पुढच्या मेळाव्यात चहाच्या आधी आम्हाला वीस मिनिटं द्या, मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. ज्या मुली तुमच्या मंडळातून आधीच गेल्या आहेत त्यांच्या घरी एक फोन करा आणि विचारा, तिच्या व्हिसाच्या अर्जावर ईमेल कोणाचा आहे. उत्तर ‘जावईबापूंचा’ असं आलं, तर त्यांना आमच्याकडे पाठवा. रविवारीही केंद्र उघडं ठेवू.

कळावे,

आपली,
उपनगरातल्या कुटुंब सल्ला केंद्रातली एक समुपदेशक, मुंबई